मागील शिल्लक

देवरीच्या दक्षिणेस, अरण्याच्या कडेने वसलेले चिचगड आज गोंदिया जिल्ह्यातील एक साधे गाव असले, तरी जुन्या भंडारा जिल्ह्याच्या दप्तरात त्याची नोंद जमीनदारीचे ठाणे म्हणून आहे. आणि जमीनदारी म्हटली की कचेरी आली, कचेरी म्हटली की दप्तर आले, आणि दप्तरामागोमाग हुकूम व हिशेब हे दोघे ओघानेच आले. नागपूर ही राजधानी असलेल्या तत्कालीन मध्यप्रदेशात १९५१ साली जमीनदारी हक्क संपुष्टात आले, १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. अंमल बदलत गेले, पण हुकूम आणि हिशेब यांची गरज कोणत्याच अंमलात सरली नाही. संगणकाला आज्ञा लिहून देण्याची जी विद्या आपण प्रोग्रामिंग म्हणून ओळखतो, ती याच दोघांच्या कुळातली आहे. आणि ती नवशिक्यांना शिकवण्याचा इतिहास या नात्याने पाहिला, तर मुंबई आणि चिचगड यांच्यामधले हजारेक किलोमीटर पुष्कळच आकुंचित होतात.

या इतिहासाचा आपल्याकडील आरंभ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे घडवलेले यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हे यंत्र आले, १९६४ साली टाटा संस्थेत सीडीसी ३६०० आले, आणि तेथून पुढे ‘फोरट्रान’ ही भाषा विद्यार्थ्यांच्या तोंडी बसू लागली. मात्र त्या काळच्या विद्यार्थ्याला यंत्राचे दर्शनही दुर्लभ असे. त्याने कागदावर आज्ञा लिहाव्या, त्या कार्डांवर भोके पाडून उतरवाव्या, कार्डांचा गठ्ठा खिडकीत सुपूर्द करावा, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी जाऊन जबाब घ्यावा. त्यात एक स्वल्पविराम चुकला असेल, तर आदला दिवस फुकट गेला असे समजून पुन्हा रांगेत उभे राहावे. जमीनदाराचा हुकूम अर्धवट असला तरी कारकून आपली अक्कल खर्चून तो पुरा करीत असे. येथे ती सोय नव्हती, कारण या नव्या कारकुनाला आज्ञापालन येत होते, अक्कल नव्हती. म्हणून गठ्ठा खिडकीत देण्यापूर्वी, आपणच यंत्र आहोत असे मानून, एकेक आज्ञा पेन्सिलीने कागदावर पाळून पाहण्याची शिस्त रूढ झाली. तिलाच आजही ‘ड्राय रन’ म्हणतात. ही पद्धत कोणा शिक्षणशास्त्रज्ञाच्या प्रतिभेतून निघालेली नसून यंत्राच्या दुर्भिक्षातून जन्मली आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नवशिक्याची पहिली ठेच मात्र यंत्रापाशी लागत नाही. ती एका चिन्हापाशी लागते. १९५७ सालच्या फोरट्रानने ‘क = क + १’ अशी आज्ञा लिहिण्याचा प्रघात पाडला, आणि बीजगणित शिकून आलेला प्रत्येक मुलगा तेथे थबकला; कारण कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी असू शकत नाही, हे त्याला शाळेने पक्के शिकवलेले असते. अल्गोल भाषेच्या कर्त्यांनी ही आपत्ती ओळखून बरोबरीच्या चिन्हाआधी विसर्गासारखी दोन टिंबे घातली, १९७० सालच्या पास्कलने तीच रीत उचलली, पण सी भाषेने फोरट्रानचेच चिन्ह चालवले, आणि जग सीच्या मागे गेले. आपल्या विदर्भापुरते बोलायचे तर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक देशभरच्या नवशिक्यांच्या हाती गेले, आणि त्यांच्यापैकी कित्येकांची या चिन्हाशी पहिली झटापट त्याच पुस्तकाच्या पानांवर झाली असणार.

बीजगणित जेथे आडवे येते, तेथे रोजकीर्द मात्र मार्ग मोकळा करते. आजची शिल्लक म्हणजे मागील शिल्लक अधिक जमा वजा खर्च, हे वाक्य पेढीवरच्या कोणत्याही मुनीमाला विरोधाभासाचे वाटले नाही. कारण उजवीकडची शिल्लक जुनी आणि डावीकडची नवी, हे त्याला न सांगता कळत होते. चिचगडच्या परिसरात तर याचा दाखला दर उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मांडलेला असतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे सत्तरांच्या आवर्तनाभोवती हजारांचे आवर्तन, जे शिकवताना शिक्षक ‘लूपच्या आत लूप’ म्हणून घाम गाळतो. समजा, फळीवर पहिल्या कुटुंबाने ४० पुडे आणले, दुसऱ्याने ६५, तिसऱ्याने ५०. मुनशी शिल्लक मांडत जातो: शून्य, चाळीस, एकशे पाच, एकशे पंचावन्न. हे चार आकडे एकाखाली एक लिहिले की ड्राय रन पुरा झाला. यातले पहिले शून्य मात्र नवशिका हमखास विसरतो. आणि सी भाषेत ज्या स्थानिक नावाला आरंभीची किंमत दिली नाही, तेथे पूर्वीचा जो काही केरकचरा पडलेला असेल त्यावरच बेरीज चढत जाते. मागील शिल्लक लिहिल्याशिवाय पान न उघडणाऱ्या मुनीमाच्या हातून ही चूक झाली नसती.

पुढे दुर्भिक्ष सरले. १९८४च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेने सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश यंत्रे आणि बेसिक भाषा पोहोचवली. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या बाजारपेठेत आणून बसवला. तो अभ्यासक्रम संगणक-साक्षरतेचा होता. यंत्र वापरणे हा त्याचा विषय, यंत्राला नवी आज्ञा रचून देणे ही त्यापुढची पायरी. तिच्यासाठी मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’द्वारा मराठी आवाजातही पाठ उपलब्ध केले, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगचे सूतोवाच केले. यंत्र जसजसे सुलभ झाले, तसतशी पेन्सिल मात्र मागे पडली. जबाब क्षणात मिळू लागल्यावर, आज्ञा आधी स्वतः पाळून पाहण्याचे कष्ट कोण घेतो?

म्हणून अरण्याच्या कडेच्या एखाद्या शाळेत मुले चाळीस आणि चालू यंत्रे दोन असतील, तर तेथील शिक्षकाने स्वतःस अभागी समजू नये. १९६४ साली मुंबईत ज्यांनी ही विद्या हस्तगत केली, त्यांच्या वाट्यालाही यंत्र याहून अधिक आले नव्हते. त्यांची सारी भिस्त कागदावर होती, आणि कागदाला वीज लागत नाही. वहीचे पान उघडून डाव्या कोपऱ्यात ‘मागील शिल्लक’ असे लिहावे, पुढे शून्य मांडावे, आणि मुलांना विचारावे की पहिल्या घरचे पुडे किती आले.