धुरांड्यावरचा ससाणा

बहिरी ससाणा हा मूळचा कड्याकपारींचा रहिवासी. त्याचाच शाहीन या नांवाचा पोटभेद आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर वास करून असतो. आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत ससाण्यांकडून करावयाच्या शिकारीस राजविनोदांत स्थान दिलें आहे. अशा या राजमान्य पक्ष्याचा संसार पाहावयाचा असेल, तर लंडन शहरीं किंवा अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतीं आज कडे धुंडाळण्याचें कारण नाहीं. वीजघराच्या धुरांड्याकडे दुर्बीण लावली म्हणजे पुरे. हा पालट कसा घडला याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यांत मनुष्याची दुष्टबुद्धि फारशी दिसत नाहीं. त्याचें अज्ञान मात्र पदोपदीं दिसतें, आणि तें अज्ञान ज्या साध्या उपायानें दूर झालें तोहि दिसतो.

प्रथम या पक्ष्याची रीत समजून घेतली पाहिजे. ससाणा काड्या जमवून घरटें बांधीत नाहीं. उंच कपारींतील वाळूंत किंवा बारीक खडींत मादी अंगानें दाबून व नखांनीं उकरून एक उथळ खळगा करिते, आणि त्यांत बहुधा तीन किंवा चार तांबूस अंडीं घालते. उंच जागा, समोर मोकळें आकाश, पायाशीं खडी आणि आसपास कबुतरें, एवढें मिळालें कीं तो कडा निसर्गानें घडविला कीं गवंड्यानें रचला, याची चौकशी हा पक्षी करीत नाहीं. कॅनडांतील माँट्रिअल शहरीं सन लाइफ विमा कंपनीच्या इमारतीवर इ. स. १९३६ पासून १९५२ पर्यंत एकच मादी नांदत होती. आरंभीं तिचीं अंडीं तेथें टिकत ना. पुढें एका पक्षिप्रेमी गृहस्थानें खडीनें भरलेलें पसरट तबक ठेवविलें, आणि तिचा वंश वाढूं लागला. कारखान्यांच्या धुरांड्यांवर कालांतरानें ज्या पेट्या बसविण्यांत आल्या, त्यांचें तत्त्वहि हेंच.

मध्यंतरीं या पक्ष्यावर दोन संकटें आलीं. पहिलें उघड होतें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश वैमानिक निरोप्या कबुतरें बरोबर नेत असत. विमान समुद्रांत पडलें, तर ठावठिकाणा कळविण्यास त्यांचा उपयोग होई. ससाणा तीं कबुतरें मारतो, म्हणून १९४० सालीं सरकारनें त्याच्या संहाराचा हुकूम काढला, आणि सुमारें सहाशें पक्षी मारले गेले. ही हानि सर्वांच्या डोळ्यांसमोर चालली होती, म्हणून ती थांबवितांहि आली. युद्ध संपलें, आणि ससाणे पुन्हां वाढूं लागले.

दुसरें संकट अदृश्य होतें. तें उघडकीस कसें आलें, ही हकीकत आमच्या मतें या इतिहासाचा गाभा होय. १९६० च्या सुमारास शर्यतीचीं कबुतरें पाळणाऱ्या ब्रिटनमधील शौकिनांनीं सरकारकडे गाऱ्हाणें नेलें कीं, ससाणे फार माजले आहेत, तरी त्यांस असलेलें कायद्याचें संरक्षण काढून घ्यावें. फिर्यादींत तथ्य किती हें ठरविण्यासाठीं १९६१ व १९६२ सालीं देशभर ससाण्यांची मोजदाद करण्यांत आली. डेरेक रॅटक्लिफ हे निसर्गशास्त्रज्ञ तिचे सूत्रधार होते. मोजणारे कड्याकड्यांवर गेले, तों जेथें पिढ्यान्‌पिढ्या ससाणे नांदत असत, तेथें पुष्कळ ठिकाणीं शुकशुकाट. आणि जेथें जोडपें उरलें होतें, तेथें अनेकदां अंडीं फुटलेलीं. आरोपी माजला नव्हता. तो मरणपंथास लागला होता.

याचें कारण शोधतांना रॅटक्लिफ यांनीं एक विलक्षण साक्षीदार उभा केला. पक्ष्यांचीं अंडीं उचलून संग्रह करण्याचा छंद इंग्लंडांत पूर्वीं फार होता, आणि त्या निंद्य छंदाच्या कृपेनें जुनीं टरफलें तारीखवार पेट्यांतून जपून ठेवलेलीं होतीं. तीं त्यांनीं मोजलीं व तोललीं. १९६७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, १९४७ च्या सुमारास टरफलें एकाएकीं हलकीं होऊं लागलीं आहेत. डी.डी.टी. हें कीटकनाशक सर्रास वापरांत आलें, तोच हा काळ.

डी.डी.टी. केवळ अनर्थकारी होतें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं त्याचा गुण शोधून काढला व त्याबद्दल त्यांस १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. टायफस व हिंवताप यांपासून त्यानें असंख्य माणसें वाचविलीं. आपल्या देशांतहि तें घरोघरच्या भिंतींवर फवारलें गेलें. परंतु हें द्रव्य सहजीं नाश पावत नाहीं. शेतांतील किड्यांतून तें लहान पक्ष्यांत आणि त्यांच्यांतून ससाण्याच्या शरीरांत जाऊन सांठतें, व मग मादीच्या पोटांत टरफलास चुना मिळण्याची क्रिया बिघडते. आई ऊब देण्यास बसते, आणि तिच्याच भारानें अंडें फुटतें! बियाण्यास चोळलेल्या डील्ड्रिनसारख्या विषांनीं तर मोठे पक्षीच मेले. अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील घरट्यांच्या जुन्या जागा १९६४ सालीं तपासल्या, तेव्हां एकाहि जागीं ससाण्यांची वस्ती आढळली नाहीं.

१९७० सालीं टॉम केड यांनीं पेरेग्रिन फंड ही संस्था स्थापिली, आणि ससाण्यांची पैदास करून पिल्लें मोकळीं सोडण्यास लवकरच आरंभ झाला. १९७२ सालीं अमेरिकेनें शेतींतील डी.डी.टी.चा वापर बंद केला. सोडलेलीं पिल्लें वयांत येऊन परतलीं, तीं पुष्कळदां पुलांवर, उंच इमारतींवर आणि वीजघरांवर. मिनेसोटांतील सेंट क्रॉइ नदीच्या कांठच्या वीजघराच्या धुरांड्यावर पेटी बसली, तींत पिल्लें झालीं, आणि पुढें तर त्या संसारावर कॅमेऱ्यांतून हजारों लोकांची नजर राहूं लागली. १९९९ सालीं अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींतून या पक्ष्याचें नांव वगळण्यांत आलें. लंडनमधील बॅटरसीचें वीजघर १९८३ सालीं बंद पडलें. त्या ओसाड वास्तूंत ससाण्यांनीं बिऱ्हाड केलें. पुढें जुनीं धुरांडीं उतरवून नवीं बांधावयाचें ठरलें, तेव्हां पक्ष्यांसाठीं शेजारीं वेगळा मनोरा उभारून दिला गेला.

अशा घरट्यावर नजर ठेवणाऱ्यास धीर फार लागतो. अंडीं उबविण्यास महिनाभर जातो. मग पांढऱ्या लवीचीं पिल्लें दिसूं लागतात. नर कबुतर मारून आणतो, आणि मादी झेपावून तें अधांतरींच त्याच्याकडून घेते. पिल्लें तीन आठवड्यांचीं झालीं म्हणजे जाणते लोक वर चढून त्यांच्या पायांत क्रमांकाचें कडें घालतात, आणि सहा आठवड्यांनीं तीं पहिली झेप घेतात. तासन्‌तास कांहींच घडत नाहीं. तरी पाहणारा वहींत वेळ टिपून ठेवतोच.

कारखान्यांत तयार झालेल्या विषानें ससाण्याचा निर्वंश होऊं पाहत होता, आणि कारखान्याच्याच धुरांड्यानें त्यास आसरा दिला, हा योग चमत्कारिक खरा. परंतु श्रेय धुरांड्याचें नव्हे. तें ज्यांनीं मोजलें, तोललें व लिहून ठेवलें, त्यांचें आहे. धुरांडें तर जाणारच. ब्रिटनमधील कोळशाचें अखेरचें वीजघर २०२४ सालीं बंद झालें. मोजण्याची संवय मात्र गेलेली चालणार नाहीं. आपल्याकडील गडकिल्ल्यांवर दर रविवारीं तरुण मंडळींची रीघ लागते. त्यांतील एखाद्यानें कड्यावरील शाहीनाच्या घरट्यापासून दूर राहून, वर्षानुवर्षें एकच वही इमानानें भरली, तर ती पुढें केव्हां कोणाची साक्ष देईल हें आज कोण सांगूं शकेल?