ताकेदा दुर्गाचे अवशेष

जपानच्या जुन्या ताजिमा प्रांतात, मारुयामा नदीच्या खोऱ्यावर सुमारे ३५४ मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर, ताकेदा दुर्गाचे अवशेष उभे आहेत. पंधराव्या शतकात यामाना सोझेन याने हा दुर्ग वसविला असे परंपरा सांगते. त्याच्या वतीने ओतागाकी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या किल्लेदारी सांभाळली. जवळच इकुनोची रुप्याची खाण असल्यामुळे या मुलखावर अनेकांचा डोळा होता, आणि १५७७ साली सेनानी हिदेयोशी याचा भाऊ हिदेनागा याने दुर्ग जिंकून घेतला.

आज दिसणारे पाषाणी तट मात्र शेवटचा दुर्गाधिपती आकामात्सु हिरोहिदे याच्या अमलातले मानले जातात. ओबडधोबड शिळा चुन्यावाचून एकमेकींत बसवून, फटींत लहान दगड ठोसून, पावसाचे पाणी आतल्या आत निथळून जाईल अशी जी रचना त्या पाथरवटांनी साधली, तिच्यामुळेच चार शतकांनंतरही हे तट उभे आहेत, ही माझ्या मते जगातील दुर्गविद्येची मोठी कमाई होय.

हिरोहिदे विद्याव्यासंगी होता; फुजिवारा सेइका या कन्फ्यूशियन पंडिताचा स्नेही, आणि युद्धकैदी होऊन आलेल्या कांग हांग या कोरियन विद्वानाचा आश्रयदाता. अशा पुरुषाला १६०० साली, तोत्तोरीच्या वेढ्यात नगर जाळल्याच्या आरोपावरून, आत्मवधाची आज्ञा व्हावी, हे मनाला फार लागते. त्यानंतर दुर्ग ओस पडला; लाकडी वास्तू नामशेष झाल्या, आणि १९४३ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून उरलेल्या दगडांना सरकारी संरक्षण मिळाले.