मुंबईच्या वाटेवर पेरलेले सुरुंग : ‘वोल्फ’ जहाजाची गोष्ट

आजची गोष्ट पहिल्या महायुद्धातली आहे. मी हे पिंजौरमधून बोलतोय. इथं शिवालिकच्या पायथ्याशी महायुद्ध म्हटलं की पंजाब-हरियाणातून गेलेले जवान आठवतात. पण मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेलेली माणसं आणि रसद यांचा मोठा भाग मुंबई आणि कराची या बंदरांतून गेला. हा रस्ता अडवायला जर्मनीनं एक जहाज पाठवलं होतं. त्याचं नाव ‘वोल्फ’, म्हणजे लांडगा.

हे मुळात मालवाहू जहाज. ‘वाख्टफेल्स’ या नावानं ते ब्रेमेनच्या हान्झा कंपनीनं १९१३ मध्ये घेतलं. ही कंपनी शांततेच्या काळात हिंदुस्थानशी व्यापार करायची. युद्धात नौदलानं जहाजावर तोफा बसवल्या, त्या फळ्यांआड लपवल्या आणि पोटात साडेचारशेहून अधिक सुरुंग भरले. सोबत टेहळणीसाठी एक छोटं विमानही होतं. कप्तान कार्ल ऑगस्ट नेर्गर ३० नोव्हेंबर १९१६ रोजी कील बंदरातून निघाला.

आता सुरुंग म्हणजे काय ते समजून घ्या. पोलादी गोळा, आत स्फोटकं. खाली जड नांगर, मधे तार. तारेची लांबी अशी ठेवायची की गोळा पाण्याखाली, जहाजाच्या तळाला लागेल इतक्याच खोलीवर तरंगत राहील. गोळ्याला शिशाची शिंगं असतात. जहाज आदळलं की शिंग वाकतं, आतली काचेची नळी फुटते, तिच्यातल्या रसायनानं वीज तयार होते आणि स्फोट होतो. टाकणारा कधीच निघून गेलेला असतो. पुढे येणारं जहाज युद्धनौका आहे की टपाल-प्रवाशांचं, हे सुरुंगाला कळत नाही.

वोल्फनं पहिले सुरुंग दक्षिण आफ्रिकेजवळ टाकले. तिथं २६ जानेवारी १९१७ रोजी बुडालेल्या एका ब्रिटिश जहाजाचं नाव होतं ‘माथेरान’! आपल्या डोंगराचं नाव घेतलेलं जहाज केपच्या समुद्रात गेलं. फेब्रुवारीत वोल्फनं कोलंबोच्या आणि मग मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरले.

मुंबईकडचे सुरुंग पावसाळ्यात लागले. ११ जूनला ‘सिटी ऑफ एक्झेटर’ला धक्का बसला, ती वाचली. २३ जूनला पी. अँड ओ. कंपनीचं ‘मंगोलिया’ हे मोठं प्रवासी जहाज बुडालं, वीसहून अधिक माणसं गेली. तोवर वोल्फ हजारो मैल दूर, न्यूझीलंडच्या बाजूला पोहोचलं होतं. तिथले त्याचे सुरुंग तर वर्षभर टिकले. जून १९१८ मध्ये ‘विमेरा’ बुडालं आणि २६ जण मेले, तेव्हा वोल्फ घरी परतून चार महिने झाले होते. एकाही बंदरात न शिरता ४५१ दिवस समुद्रावर काढून, फेब्रुवारी १९१८ मध्ये ते कीलला पोहोचलं होतं.

ब्रिटिश सरकारनं या जहाजाची खबर लोकांपासून दडवली. त्याचं फळ ऑस्ट्रेलियात दिसलं. जुलै १९१७ मध्ये ‘कंबरलँड’ जहाज वोल्फच्या सुरुंगानं फुटलं, पण संशय गेला जहाजात कुणीतरी बॉम्ब ठेवल्याचा. शत्रू समुद्रात होता आणि लोक तो आपल्यातच शोधत होते.

‘एम्डेन’ आपल्याला ठाऊक असते, कारण तिनं सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागल्या; लोकांनी आग पाहिली. वोल्फला मुंबईनं पाहिलंच नाही. म्हणून ते विसरलं गेलं, आणि त्याच्यासोबत त्या काळचे खलाशीही. पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर रत्नागिरीकडचे आणि गोव्याचे कितीतरी लोक डेकवर, भट्टीपाशी, भोजनगृहात राबत. जहाज फुटलं की पाणी आधी खाली भट्टीकडे शिरतं.

मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथल्या स्मारकावर त्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं आहेत. या सर्वांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. मुंबईत असाल तर एकदा जाऊन ती नावं वाचा. तुमच्या गावाकडचं एखादं आडनाव तिथं सापडेलही.

भेटू पुढच्या भागात.