पेव बरे की वखार?

श्रोतेहो, धान्य पिकवण्याइतकेच ते राखणेही कष्टाचे. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात ज्वारीची रास झाली, की शेतकऱ्यापुढे जुनाच प्रश्न उभा राहतो. माल आपल्या घरी ठेवावा, की भाडे भरून दुसऱ्याच्या कोठारात?

पूर्वी याचे उत्तर होते पेव. तोंड अरुंद, पोट मोठे असा जमिनीतला खड्डा. आतून कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकायचे. आतली हवा दाण्यांच्या श्वासाने सरते आणि कीड गुदमरते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते. तिथे माणूसही गुदमरतो.

पेवाला भाडे नाही, म्हणून ते फुकट वाटते. पण तसे नाही हो! खोदाईची मजुरी आहेच. ओल लागली की कडेची ज्वारी काळी पडते. एकदा तोंड उघडले, की सारा माल लवकर काढावा लागतो. शिवाय पेव पावती देत नाही. पैशाची नड लागली, की पडत्या भावात विकणे किंवा सावकाराचे दार, एवढेच उरत असे.

गोरवाला समितीने 1954 च्या अहवालात ही नड ओळखून सरकारी वखारींची शिफारस केली. 1956 साली कायदा झाला, 1957 साली केंद्रीय वखार महामंडळ निघाले. वखारीची पावती तारण ठेवून कर्ज काढता येऊ लागले. महाराष्ट्रात कृषी पणन मंडळाने 1990-91 पासून शेतमाल तारण योजना चालवली.

आता वखारीचाही हिशेब करू. समजा, 50 क्विंटल सोयाबीन आहे आणि भाव 4,000 रुपये. मालाची किंमत झाली दोन लाख. पाऊण किमतीवर दीड लाख कर्ज मिळाले, तर सहा टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज 4,500 रुपये. भाडे क्विंटलला महिना 10 रुपये धरले, तर 3,000. एकूण 7,500, म्हणजे क्विंटलमागे 150 रुपये. भाव याहून अधिक चढला, तरच वखार परवडली. गाडीभाडे आणि हमाली निराळी.

गुरुजी, शाळेच्या संगणकातील नोंदींनाही हाच हिशेब लागतो. स्वतःचे यंत्र म्हणजे पेव. किंमत एकदाच मोजायची, पण वीज, दुरुस्ती आणि राखणदारी आपल्याकडे. दूरच्या कंपनीकडे भाड्याने घेतलेली जागा म्हणजे वखार. सुरुवातीला स्वस्त, पण भाडे थांबत नाही. काही ठिकाणी आपलाच माल परत नेण्याचेही पैसे पडतात.

तेव्हा नुसते भाडे पाहून ठरवू नका. किती दिवस ठेवायचे, किती वेळा काढायचे आणि नासले तर भरून कोण देणार, हे तिन्ही आधी कागदावर मांडा. घरच्या खाण्यापुरते घरी, विकायचे ते पावतीवर, ही वाटणी बहुतेकांना मानवेल.