श्वेतबिंदू रोग, सागरी मत्स्यपात्रांतील

श्वेतबिंदू रोग, सागरी मत्स्यपात्रांतील : समुद्रातील अस्थिमत्स्यांना (हाडांचा सांगाडा असलेल्या माशांना) होणारा एक परजीवीजन्य रोग. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या पक्ष्माभिकायुक्त (शरीरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या) आदिजीवामुळे तो होतो. रोगी माशाच्या कातडीवर व परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, त्यावरून रोगास हे नाव पडले आहे. कल्ल्यांत संसर्ग झाल्यास माशाला श्वासोच्छ्‌वास करणे कठीण होते आणि ठिपके ठळकपणे दिसण्यापूर्वीच तो मरू शकतो. शार्क, पाकट इ. कास्थिमत्स्यांना हा रोग होत असल्याचे आढळत नाही. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणुजन्य असून त्याचा या रोगाशी संबंध नाही. खुल्या समुद्रात माशांच्या अंगावर हे परजीवी बहुधा अल्प संख्येने असतात. मत्स्यपात्राच्या मर्यादित पाण्यात मात्र ते झपाट्याने वाढून काही दिवसांतच सर्व मासे नष्ट करू शकतात.

जीवनचक्र : या आदिजीवाच्या जीवनचक्रात चार अवस्था असतात. माशाच्या बाह्यत्वचेखाली राहून त्याच्या ऊतकांवर पोसणाऱ्या अवस्थेस ट्रोफॉन्ट म्हणतात. डोळ्यांना दिसणारा ठिपका तो हाच. त्याची लांबी सु. ०·५ मिमी.पर्यंत वाढते. तीन ते सात दिवसांत वाढ पूर्ण झाल्यावर तो मासा सोडतो, काही तास तळावर सरपटतो (प्रोटोमॉन्ट) आणि खडकाला किंवा वाळूला चिकटून स्वतःभोवती कठीण पुटी तयार करतो (टोमॉन्ट). पुटीत पुनःपुन्हा विभाजन होऊन दोनशेपर्यंत सूक्ष्म जीव तयार होतात. हे थेरॉन्ट पुटीतून बाहेर पडून नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात. ते एक-दोन दिवसच जगतात आणि त्यांची संसर्गक्षमता तर काही तासांतच ओसरू लागते. ते मुख्यत्वे अंधारात बाहेर पडतात. दिवसा वावरणारे प्रवाळभित्तीवरील मासे त्या वेळी कपारींत, म्हणजे पुटींच्या अगदी जवळ, विसावलेले असतात.

ट्रोफॉन्टला माशाच्या त्वचेचे आणि टोमॉन्टला पुटीचे संरक्षण असते. पाण्यात घातलेले औषध परिणाम करते ते प्रामुख्याने पोहणाऱ्या थेरॉन्टवर. म्हणून ठिपके नाहीसे होणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. परजीवी मासा सोडून तळाशी गेला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ठिपके गेल्याने औषध थांबवावे आणि दोन आठवड्यांत रोगाने दुप्पट जोराने उसळावे, असा अनुभव मत्स्यपालकांना वारंवार आला. या रोगावरील उपचारांचा इतिहास बव्हंशी या एका गोष्टीचे आकलन होत जाण्याचा इतिहास आहे.

परजीवीची ओळख : गोड्या पाण्यातील माशांच्या श्वेतबिंदू रोगाच्या परजीवीस फूके यांनी १८७६ मध्ये इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस हे नाव दिले. समुद्रातील माशांवरील तशाच रोगाचे वर्णन वाय्. सिकामा यांनी जपानमध्ये १९३७ साली केले. १९५१ मध्ये ई. एम्. ब्राउन यांनी लंडन येथे या सागरी परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिले. त्यातील पहिल्या पदाचा अर्थ ‘गुप्त केंद्रक असलेला’ असा असून अपारदर्शक शरीरामुळे याचे केंद्रक सहज दिसत नाही, हे त्यातून सूचित होते. सिकामा यांनी १९६१ मध्ये त्यालाच इक्थिओफ्थिरिअस मरिनस असे नाव दिले. परंतु आधी दिलेले नाव ग्राह्य धरण्याच्या नियमानुसार ब्राउन यांचे नाव कायम राहिले. रॉस एफ्. निग्रेली व जॉर्ज रुजेरी यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयातील साथींचे वर्णन करताना ही दोन्ही नावे एकाच जीवाची असल्याचे नमूद केले.

बाह्य साम्यामुळे हे दोन्ही परजीवी दीर्घकाळ एकमेकांचे निकटचे आप्त मानले गेले. राइट व कोलॉर्नी यांनी २००२ मध्ये सागरी परजीवीचे वर्गीकरण बदलून तो वेगळ्या वर्गात घातला. सारख्या परिस्थितीत सारखी राहणी दोघांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली, असे यावरून दिसते. गोड्या पाण्यातील रोगावरचे उपाय सागरी रोगावर तसेच्या तसे का लागू पडत नाहीत, याचा उलगडाही यामुळे काही अंशी होतो.

तांब्याचा उपचार : सॅन फ्रॅन्सिस्को येथील स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट पी. डेम्प्स्टर यांनी १९५५ मध्ये सागरी माशांच्या ऊडिनियम या दुसऱ्या एका परजीवीवर मोरचूद (कॉपर सल्फेट) गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे हाच उपचार श्वेतबिंदू रोगावरही प्रचलित झाला. पाण्यात तांब्याच्या मुक्त आयनांचे प्रमाण दर लिटरला सु. ०·१५ ते ०·२० मिग्रॅ. राखल्यास थेरॉन्ट मरतात. ट्रोफॉन्ट व पुटी यांवर या प्रमाणाचा परिणाम होत नसल्याने सर्व पुटी फुटेपर्यंत, म्हणजे किमान तीन आठवडे, ते टिकवून धरावे लागते.

हे टिकवणेच अवघड ठरले. समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात तांबे कार्बोनेटाच्या रूपाने खाली बसते आणि प्रवाळाची वाळू व शिंपल्यांचा चुरा ते शोषून घेतात. त्यामुळे सकाळी योग्य असलेले प्रमाण संध्याकाळी अपुरे ठरे आणि अंदाजाने भर घातल्यास तेच माशांना विषारी होई. त्यांच्या कल्ल्यांना इजा पोहोचे. पाण्यातील तांबे रोज मोजण्याची पद्धत रूढ झाल्यावर आणि सायट्रेटासारख्या संयुगांनी तांबे विरघळलेल्या स्थितीत ठेवण्याची युक्ती सापडल्यावर हा उपचार अधिक भरवशाचा झाला.

प्रवाळपात्रे व नवा पेच : तोवरच्या बहुतेक सागरी पात्रांत मासे आणि मृत प्रवाळांचे धुतलेले पांढरे सांगाडे एवढेच असत. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेले जिवंत खडक (सूक्ष्मजीव, शैवाले व लहान प्राणी यांनी वसलेले प्रवाळखडक) पात्रात ठेवून त्यांच्याकरवी पाणी शुद्ध राखण्याची पद्धत १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. १९७० नंतरच्या काळात बर्लिनमधील छंदिष्टांनी जिवंत खडक, प्रखर प्रकाश व फेसाच्या साहाय्याने पाण्यातील प्रथिने काढून टाकणारे साधन यांची सांगड घातली. त्यामुळे खडकासारखा सांगाडा असलेले प्रवाळही घरगुती पात्रांत वाढू लागले.

या प्रगतीने रोगाचा प्रश्न अधिक बिकट केला. प्रवाळ, समुद्रपुष्पे, मृदुकाय व कवचधारी प्राणी यांना तांबे अत्यल्प प्रमाणातही घातक असते. माशांना वाचवणारे औषध त्यांच्या भोवतीच्या सर्व जीवसृष्टीचा नाश करते. खडक व वाळूत शोषलेले तांबे नंतर हळूहळू पाण्यात परत येण्याचाही धोका असतो. शिवाय जिवंत खडकाच्या असंख्य छिद्रांत पुटींना उत्तम आसरा मिळतो. त्यामुळे प्रवाळपात्रातील माशांवर त्याच पात्रात तांब्याचा उपचार करण्याचा मार्ग बंद झाला.

लवणता कमी करणे : इझ्राएलमधील एलात येथील आंजेलो कोलॉर्नी यांनी १९८५ मध्ये मत्स्यशेतीतील समुद्री ब्रीम माशांवर औषधाविना उपचार करून दाखविला. समुद्राच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण सामान्यतः दर हजारी सु. ३५ भाग असते. कोलॉर्नी यांनी ते दर हजारी १० भागांवर उतरवून तीन तास तसेच ठेवले आणि हा प्रयोग तीन-तीन दिवसांच्या अंतराने चार वेळा केला. परजीवीच्या माशाबाहेरील अवस्थांना लवणतेतील ही घट सोसत नाही. अस्थिमत्स्य मात्र शरीरातील क्षारांचे नियमन करू शकत असल्याने ती सहन करतात. घरगुती पात्रांत पुढे लवणता निम्म्याहून कमी करून ती कित्येक आठवडे स्थिर ठेवण्याची रीत पडली. तथापि प्रवाळ व कंटकचर्मी प्राणी कमी लवणतेत जगत नाहीत, म्हणून यासाठीही वेगळी टाकी लागते. तैवानमध्ये दर हजारी केवळ ५ भाग लवणतेतही वाढणारा परजीवीचा वाण २००३ मध्ये नोंदविला गेला. त्यामुळे हा उपाय सर्वत्र सारखाच यशस्वी होईल, असे मानता येत नाही.

अन्य उपाय : पुटीतून थेरॉन्ट बाहेर पडण्यास सामान्यतः किमान तीन दिवस लागतात, या माहितीचा उपयोग करून मासे दर तीन दिवसांनी स्वच्छ टाकीत हलविण्याची पद्धतही निघाली. मागे राहिलेल्या पुटी टाकी कोरडी केल्याने मरतात. अशा चार स्थलांतरांनी औषधाविना रोगमुक्ती साधता येते. मात्र वारंवार पकडले गेल्याने माशांना त्रास होतो. फॉर्मॅलीन व हिवतापावरील क्लोरोक्वीन यांचाही वेगळ्या टाकीत वापर होतो. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांच्या दिव्याने पाण्यातील थेरॉन्टांची संख्या घटते, परंतु रोगाचे निर्मूलन होत नाही. लसूण किंवा माशांचे अंग साफ करणारे लहान मासे यांचा पुष्कळ बोलबाला झाला असला, तरी ते रोग बरा करतात याला भक्कम पुरावा नाही.

पात्र रिकामे ठेवणे व प्रतिरक्षा : मासे उपचारासाठी बाहेर काढल्यावर प्रवाळपात्रातील थेरॉन्टांना पोषक मिळत नाही व ते उपासमारीने मरतात. मात्र सर्व पुटी एकाच वेळी फुटत नाहीत. काही तीन दिवसांनी, तर काही ७२ दिवसांनीही फुटल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पात्र दहा-अकरा आठवडे माशांविना ठेवावे लागते. या काळात प्रवाळांना व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांना कोणताही अपाय होत नाही.

रोगातून वाचलेल्या माशांत काही काळ टिकणारी प्रतिरक्षा निर्माण होते, असे बर्जेस व मॅथ्यूज यांनी १९९५ मध्ये बोय माशांवरील प्रयोगांतून दाखविले. ही प्रतिरक्षा अपुरी असेल, तर निरोगी दिसणाऱ्या माशांच्या कल्ल्यांत थोडे परजीवी तग धरून राहतात. वर्षभर निर्वेध चाललेल्या पात्रात नवा मासा सोडताच साथ उद्‌भवते, ती पुष्कळदा अशा कारणाने. म्हणून प्रत्येक नवा मासा प्रथम स्वतंत्र टाकीत काही आठवडे ठेवून त्याचे निरीक्षण व गरजेप्रमाणे उपचार करणे, हाच आज सर्वांत खात्रीचा उपाय समजला जातो. प्रवाळभित्तीवरील शोभिवंत माशांच्या बहुतेक जातींची पैदास बंदिस्त पाण्यात होत नाही; ते समुद्रातून पकडूनच आणले जातात. त्यामुळे एखाद्या पात्रात या रोगाने रिकामी झालेली जागा बहुधा प्रवाळभित्तीवरूनच भरून काढली जाते.