हेलसिंकी ते टोकियो : परवानगीने मोजलेले अंतर

फिनलंडमधील हेलसिंकी आणि टोकियोजवळचा नारिता या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला, तर तो बहुतांशी रशियावरूनच जातो. हे अंतर कधी बदलत नाही. प्रवासाचा वेळ मात्र कमी झाला आणि पुन्हा वाढलाही. असे का झाले, याचा माग काढताना मला विमानविद्येइतकाच राजकारणाचा इतिहास चाळावा लागला.

याचे मूळ १९४४ च्या शिकागो करारात आहे. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची संपूर्ण सत्ता राहील, असे त्याचे पहिलेच कलम सांगते. खुल्या समुद्राचा न्याय आकाशाला लागू झाला नाही. शीतयुद्धाच्या सुरुवातीच्या काळात पाश्चात्त्य विमानांना सायबेरियाची वाट बंद होती. युरोपातून जपानला जायचे तर दक्षिण आशियाला वळसा घालून सुमारे ५० तास लागत. फेब्रुवारी १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाकडून, अलास्कातील अँकरेजला थांबून, टोकियो गाठायला सुरुवात केली. हा प्रवास सुमारे ३२ तासांचा होता. १९७० पासून काही कंपन्यांना सायबेरियावरून जाऊ दिले गेले, पण वाटेत मॉस्कोला उतरावे लागे.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकीहून टोकियोला कुठेही न थांबता जाणारी सेवा सुरू केली. डीसी-१० विमानात इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या होत्या. शेजारच्याच देशाचे आकाश टाळून उत्तर ध्रुव आणि बेरिंगची सामुद्रधुनी अशी वाट धरावी लागे. वेळ लागे सुमारे १३ तास. या आकाशातली सीमारेषा किती खरी होती, हे त्याच वर्षी दिसले. १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेले. लढाऊ विमानाने ते पाडले आणि २६९ माणसे मेली.

पुढे सोव्हिएत धोरण सैलावले. रशियाला शुल्क भरून सायबेरियावरून थेट जाता येऊ लागले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला. आशियाची जवळची वाट आपल्या दारातून जाते, या एका गोष्टीवर फिनएअरने आपला व्यवसाय उभा केला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघ आणि रशिया यांनी एकमेकांना आकाश बंद केले. मार्चमध्ये फिनएअरची टोकियो सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा वेळ होता सुमारे १३ तास. विमान नवे एअरबस ए-३५०, वेळ १९८३ चा! ध्रुवावरून गेल्याची प्रमाणपत्रे प्रवाशांना मिळाली, हे कौतुकाचेच. पण त्या जादा तासांचे इंधन कुणाला तरी भरावे लागतेच.

हा अनुभव आपल्याला परका नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमाने वळसा घेऊ लागली. म्हणून मला वाटते, विमानांच्या वेळापत्रकांचे जुने कागद इतिहासकाराने जपून ठेवावेत. दोन देशांचे संबंध कसे होते, हे त्यांतले तास-मिनिटांचे आकडे सांगू शकतात.