उघड्या यादीची किंमत : टेलिफोन निर्देशिकेपासून डोमेन नोंदणीपर्यंत

१/ कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडते आणि आंबिवली येते. पंधरा वर्षांपूर्वी येथील एखाद्या दुकानदाराने संकेतस्थळासाठी नाव, म्हणजे डोमेन, नोंदवले असते, तर लवकरच अनोळखी आवाजांचे फोन सुरू झाले असते : "सर, वेबसाइट बनवायची आहे ना?" त्याचा क्रमांक त्यांना दिला कोणी? उत्तरासाठी बरेच मागे जावे लागते.

२/ मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२ साली. टेलिफोनपाठोपाठ निर्देशिका आली : नाव, पत्ता, क्रमांक, सारे छापील आणि उघड. जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळात निर्देशिकेत नाव असणे ही प्रतिष्ठा होती. तिचे कोणाला भय वाटले नाही. कारण फोन मोजके होते, कॉल महाग होता आणि यादी हातानेच उतरवावी लागे.

३/ बरोबर शंभर वर्षांनी, मार्च १९८२ मध्ये, अमेरिकेत 'हूइज' या सेवेचा तांत्रिक आराखडा प्रसिद्ध झाला. तो एसआरआय इंटरनॅशनलमधील माहिती केंद्रात घडला. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. अर्पानेट वापरणाऱ्यांनी नाव, टपालाचा पत्ता, फोन आणि ईमेल नोंदवावा, अशी अपेक्षा होती.

४/ त्या वर्षी अर्पानेटवर सुमारे २३५ संगणक होते. दूरचे यंत्र बिघडले तर कोणाला कळवायचे, एवढाच प्रश्न होता. परस्परांना ओळखणाऱ्यांच्या गावात दाराला कुलूप नसते, तशी ती यादी होती.

५/ पुढे गावाचे महानगर झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९८ मध्ये डोमेन व्यवस्थेचा कारभार पाहण्यासाठी 'आयकॅन' स्थापन झाली. नियम मात्र जुनाच राहिला : नोंदणीदाराची माहिती उघड. आता ती यादी यंत्रे उतरवू लागली. हूइजमधील ईमेल पत्ते स्पॅमवाल्यांच्या हाती पडतात, असा निष्कर्ष आयकॅनच्याच सुरक्षा समितीने २००७ मध्ये काढला. नोंदणी कंपन्या जादा शुल्क घेऊन माहिती झाकू लागल्या. खासगीपणाला दरपत्रक लागले.

६/ भारतात त्याच काळात कॉल स्वस्त झाला. १९९५ मध्ये मोबाइल आला, तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००३ पासून ते थांबले. फोन करणे जवळजवळ फुकट होताच नको असलेल्या फोनांचा पूर आला. ट्रायने २००७ मध्ये 'नको' म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही आणली, पुढे नियम कडक केले. पण नकार नोंदवण्याचा भार नागरिकावरच राहिला.

७/ यादी शस्त्र कशी होते, हे ठाणे जिल्ह्याने जवळून पाहिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकन नागरिकांना करअधिकारी असल्याचे भासवून धमकावले जात होते. ७०० हून अधिक जणांना ताब्यात घेण्यात आले, सुमारे ७० जणांना अटक झाली. त्याच महिन्यात अमेरिकेने अहमदाबादच्या अशाच टोळ्यांवर आरोपपत्र ठेवले. सावजांची माहिती 'डेटा दलालां'कडूनही मिळवल्याचे त्यात म्हटले होते.

८/ २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २५ मे २०१८ रोजी युरोपचा जीडीपीआर लागू झाला आणि हूइजमधील बहुतेक वैयक्तिक नोंदी झाकल्या गेल्या. २०२३ मध्ये भारताने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. २८ जानेवारी २०२५ पासून सर्वसाधारण डोमेनांसाठी हूइजचे बंधन संपले. त्याची जागा 'आरडॅप'ने घेतली. 'हा कोण?' एवढेच हूइज सांगे; विचारणारा कोण, हे पाहून उत्तर देण्याची सोय आरडॅपमध्ये आहे.

९/ या पडद्याला दुसरी बाजूही आहे. बँकेच्या नावाने बनावट संकेतस्थळ उभारणाराही त्याच पडद्याआड उभा राहतो. पूर्वी पत्रकार किंवा फसवला गेलेला ग्राहक निदान पहिला धागा स्वतः शोधू शके. आता त्याला अर्ज करून वाट पाहावी लागते.

१०/ निर्देशिकेतही नाव, पत्ता, क्रमांकच होते, हूइजमध्येही तेच. बदलली ती ते गोळा करण्याची आणि वापरण्याची किंमत. महागडा कॉल आणि हाताने उतरवण्याचे कष्ट हीच जुन्या यादीची न दिसणारी कुंपणे होती. ती पडली, तेव्हा कोणी कायदा मोडला नव्हता. नवे कुंपण मात्र कायद्यानेच घालावे लागत आहे, आणि त्याची किल्ली कोणाकडे असावी, हा वाद अजून मिटलेला नाही.